पाळणा कुणाचा, अंगाई कुणाची?

मराठी समीक्षेने लावणीला मान दिला, पोवाड्याला दिला, भारुडाला तर पंक्तीत पहिले पान मांडले. अंगाईला मात्र अजून माजघराच्या उंबऱ्याबाहेर पाट नाही. याला कारणेही तशीच आहेत. तिच्या कर्तीचे नाव कुणाला ठाऊक नसते, तिची संहिता दोन रात्री सारखी राहत नाही आणि तिचे यश म्हणजे श्रोत्याला झोप लागणे! श्रोता शेवटपर्यंत जागा राहिला तर जी रचना फसली असे म्हणायचे, तिला कोणत्या मापाने मोजावे, हा प्रश्न काव्यशास्त्राला कधी पडलाच नाही. मग अंगाई गेली ती थेट सुवचनांच्या वहीत. पाळण्याची दोरी आणि जगाचा उद्धार यांची गाठ घालणारे वाक्य शाळेच्या भिंतीवर आले. पण दोरी हातात घेऊन बसलेली बाई प्रत्यक्षात काय म्हणत होती, हे ऐकायचे राहूनच गेले.

आपल्यासारख्या दुभाषी मुलखात या उपेक्षेला आणखी एक फाटा फुटतो. दर संमेलनात, दर मंडळाच्या वर्धापनदिनी कुणीतरी वक्ता उठून सांगतो, की भाषा पाळण्यात मिळते, म्हणून आयांनो, मुलांना मराठीत अंगाई गा. टाळ्या पडतात. घरी आल्यावर सून कानडीत, तेलुगूत, गुजरातीत किंवा हिंदीत मुलाला थोपटत असते आणि सासूबाई मनातून खट्टू होतात. वक्त्याचे म्हणणे साफ खोटे नाही. पण ते इतके ढोबळ आहे, की त्यातून अंगाईबद्दल काहीच कळत नाही आणि भाषेबद्दल उगाच अपराधाची भावना तेवढी वाढते. म्हणून हे म्हणणे एका ठिकाणी नेऊन तपासून पाहू. ते ठिकाण म्हणजे बडोद्याचा दांडिया बाजार.

सुरसागर तळ्यापासून हाकेच्या अंतरावरची ही वस्ती. गायकवाडांनी अठराव्या शतकात बडोद्यात बस्तान बसवले आणि त्यांच्यामागून सरदार, शिलेदार, कारकून, पुराणिक, गवई, शिक्षक अशी मराठी घरे येत राहिली. त्यांतली कितीतरी इथल्या वाड्यांत रुजली. जवळच्या तांबेकरवाड्याच्या भिंतींवर रंगवलेल्या कथा आजही पाहायला मिळतात. अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोदे सरकारच्या नोकरीत होते. ते राहत ते घर याच दांडिया बाजारात आहे, आणि त्या नोकरीपायी त्यांनी मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांचा अभ्यास केला. बडोद्याने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन एकदा नव्हे, चार वेळा भरवले : १९०९, १९२१, १९३४ आणि पुन्हा २०१८. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले आणि राज्यकर्त्यांची भाषा बोलणारी ही मंडळी शेजाऱ्यांच्या राज्यातली अल्पसंख्य झाली. हा उलटफेर मनात ठेवला, तर या गल्ल्यांत पाळण्यापाशी काय घडले असेल ते समजायला सोपे जाते.

सयाजीराव महाराजांच्या काळातली एक गोष्ट इथे आठवण्याजोगी आहे. १९३१ साली बडोदे सरकारने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' नावाचा कोश छापला. राज्यकारभारातल्या शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी अशा भाषांत काय म्हणावे, हे त्यात इंग्रजी शब्दांसमोर मांडून दाखवले आहे. कचेरीत भाषांची अशी रांग लावता येते. माजघरात ती लावता येत नाही. 'पाळणा' आणि 'पारणुं' हे शब्द शेजारी शेजारी लिहिता येतील. पण एकाच्या दोरीला हात लावून दुसऱ्याचे गाणे म्हणणाऱ्या बाईला कोणत्या रकान्यात घालायचे? सरकारी कोशाला हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र तो पडला पाहिजे.

पहिला घोटाळा शब्दांचाच आहे. आपण 'पाळणा' आणि 'अंगाई' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. वस्तुतः या दोन वेगळ्या जाती आहेत. पाळणा हा समारंभाचा. बारशाला बायका जमतात, वरवंट्याला बाळासारखे सजवून आधी पाळण्यात फिरवतात, देवांची नावे घेत मूल या हातून त्या हाती देतात, आत्या कानात नाव सांगते आणि मग पाळणा म्हटला जातो. त्याची घडण ठरलेली : पहिल्या दिवशी काय झाले, दुसऱ्या दिवशी काय झाले, असे करत बाराव्या दिवसापर्यंत यायचे. रामनवमीला भर दुपारी रामाचा, गोकुळाष्टमीला मध्यरात्री कृष्णाचा, शिवजयंतीला शिवाजीमहाराजांचा. पाळणा छापील पुस्तकात मिळतो, दहाजणी एका सुरात म्हणू शकतात आणि त्या वेळी पाळण्यातले मूल टक्क जागे असले तरी कुणाची हरकत नसते. कधी कधी तर पाळण्यात मूलच नसते, मूर्ती असते.

अंगाई नेमकी याच्या उलट. 'गाई' हा आपल्या बाळबोलीतला झोपेचा शब्द; 'गाई गाई कर' असे आपण मुलाला म्हणतो. अंगाई एकटीने गायची, अंधारात गायची, तिला कडव्यांची संख्या नाही आणि ठराविक शब्दही नाहीत. ओवीचा साचा हाताशी असतो, त्यात आजचे काहीतरी भरायचे. जात्यावर बसले की ओवी सुचते असे आपण म्हणतो. पाळण्याशी बसल्यावरही तीच ओवी सुचते, फक्त लय दळणाऐवजी हेलकाव्याची होते. बडोद्यात १८९४ साली जन्मलेल्या माधव जूलियनांनी 'छंदोरचने'त मराठी पद्याचा इतका बारकाईने विचार केला. ओवीचा मोकळेपणा हीच तिची शिस्त आहे, हे त्या वाटेने जाणाऱ्याला उमगते. अंगाईची शिस्तही हीच.

पाळण्याच्या जोरावर अंगाईचे भवितव्य ठरवणे ही आपल्या भाषणांतली मुख्य चूक आहे. दांडिया बाजारात काय, बेळगावात काय किंवा नंदुरबारच्या सीमेवर काय, पाळणा टिकून आहे. रामनवमीला सुंठवडा वाटला जातो तोवर तो टिकेल. तो सणाच्या आधाराने उभा आहे. ज्या मुलीला मराठी वाचायला अडखळायला होते, तीही पुस्तक धरून तो म्हणते. पाळणा ऐकून 'आमची अंगाई शाबूत आहे' असे समाधान मानणे म्हणजे देव्हाऱ्यातली घंटा ऐकून घरात गाणे आहे असे म्हणण्यासारखे आहे.

अंगाईचे खरे मर्म तिच्या श्रोत्यांत आहे. तिला श्रोते दोन असतात. एक पाळण्यातला. त्याला शब्दार्थ कळत नाही. त्याच्यासाठी नाद, हेलकावा आणि ओळखीचा आवाज. दुसरा श्रोता पाळण्याबाहेरचा : ओसरीवरचा सासरा, स्वयंपाकघरातली जाऊ, दिव्याशी वाचत बसलेला नवरा आणि सर्वांत आधी खुद्द गाणारी. शब्द त्यांच्यासाठी असतात. मूल हे निमित्त. समोर बसलेल्या माणसाला जे तोंडावर सांगता येत नाही, ते न कळणाऱ्या जिवाला सांगितल्याचे दाखवून सांगायचे, ही अंगाईची युक्ती आहे.

हे माझ्या पदरचे नाही. मार्कंडेयपुराणातली मदालसा आठवा. रडणाऱ्या तान्ह्याला ती सांगते, की तू शुद्ध आहेस, तुला नाव नाही, हे शरीर तुझे नाही. पाळण्यातल्या पोराला वेदान्त काय कळणार? पण कथा पुढे काय सांगते ते पाहा. तिचे तीन मुलगे विरक्त होऊन निघून गेले आणि चौथा अलर्क जन्मला, तेव्हा राजाने तिला विनवले, की याला तरी प्रवृत्तिमार्ग शिकव, नाहीतर वंश कसा चालायचा? म्हणजे इतकी वर्षे ती अंगाई राजा ऐकत होता! आणि त्याच्या विनंतीवरून तिने आपले शब्द बदलले, चौथ्याला राजधर्म सांगितला. दुसऱ्या श्रोत्याने अंगाईत हस्तक्षेप केल्याचे याहून स्वच्छ उदाहरण आपल्या परंपरेत शोधून सापडायचे नाही. मुक्ताबाईच्या नावावर जो पाळणा परंपरेने चालत आला आहे, त्यात तर ती चिमुरडी मुलगी वयोवृद्ध चांगदेवालाच जोजवते. तिथे निमित्तच उलटे केले आहे : पाळण्यात झोपायचे सोंगही नाही, जागे करणे हाच हेतू.

हीच युक्ती दूर आफ्रिकेत सापडते. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू समाजात आई आपल्या तान्ह्यासाठी 'इझांगेलो' नावाची स्तुतिकवने रचते. त्याला शांत करताना ती म्हणायची. वरून पाहता ती मुलाची वाखाणणी. पण अनेक बायकांच्या एकत्र घरात सवतीला, सासूला, नवऱ्याला सुनावायचे ते सारे त्यातून सुनावलेले असते. उघड भांडण झाले तर शिक्षा. मुलाच्या स्तुतीला कोण आक्षेप घेणार? आफ्रिकेच्या मौखिक वाङ्मयावर रूथ फिनेगन यांनी १९७० साली मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी अंगाईबद्दल एक मार्मिक मुद्दा मांडला आहे, तो असा : आईने मुलाला गाणे म्हणजे सगळीकडे आपोआप येणारा सहज उमाळा, असे आपल्याला वाटते, पण तोही त्या त्या समाजाच्या संकेतांनी आणि घडणीने बांधलेला असतो. मूल आई सांभाळते की दुसरे कुणी, यावरून गाण्याचा सूर बदलतो. स्पेनचा कवी लोर्का याने १९२८ साली आपल्या देशातल्या अंगाईगीतांवर व्याख्यान दिले, तेव्हा त्यालाही हेच दिसले होते : श्रीमंतांच्या मुलांना जोजवणाऱ्या गरीब बायांनी आपले दुःख त्या गाण्यांत ओतले.

आता आपल्या ओवीकडे या नजरेने पाहा. मराठी अंगाईत मामा इतका का येतो? चांदोबासुद्धा मामाच. काका का नाही? मूल तर काकांच्या घरात वाढत असते. उत्तर सोपे आहे. गाणारी बाई सासरी आहे आणि मामा हा तिचा भाऊ आहे. मुलाच्या नावाने ती माहेराला हाक मारते. आता हीच बाई कोकणातून किंवा साताऱ्याहून लग्न होऊन बडोद्याला आली आहे असे समजा. माहेर तापी-नर्मदेच्या पलीकडे, भाऊ यायचा तो आगगाडीने, वर्षातून एकदा. भोवती बाजारात गुजराती, कामाला येणारी बाई गुजराती, कचेरीतून नवरा आणतो ते कागदही गुजराती. तिच्या अंगाईतला मामा हा मग केवळ नातेवाईक उरत नाही. तो तिची भाषा होतो. तिच्या मराठी अंगाईत जी ओढ असेल, ती भाषाभिमानाची नव्हे, एकटेपणाची. आपण तिला पुढे भाषाभिमानाचे लेबल लावतो हा भाग निराळा.

साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या, डॉ. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांवरच्या पुस्तकाला 'अपौरुषेय वाङ्मय' असे नाव दिले. वेदांना लावायचे विशेषण बायकांच्या गाण्यांना लावण्यात खट्याळपणा आहे आणि न्यायही आहे. १९२१ च्या बडोदे संमेलनाचे अध्यक्ष न. चिं. केळकर हे या कमलाबाईंचे वडील. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पण या सगळ्या थोर कामात महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरातली ओवी कितीशी आली? लोकगीत म्हटले की आपली दृष्टी खेड्याकडे जाते आणि बृहन्महाराष्ट्र म्हटले की संमेलनाकडे. दांडिया बाजारातली अंगाई या दोहोंच्या मधल्या बोळात राहिली.

भिंतीपलीकडे कोणते गाणे होते तेही ऐकले पाहिजे. गुजरातीत अंगाईला 'हालरडुं' म्हणतात. हालण्याशी, हेलकाव्याशी त्या शब्दाचे नाते आहे. आपला शब्द झोपेवरून निघाला, त्यांचा हालचालीवरून. एकाला फळ दिसते, दुसऱ्याला कृती. बाकी घराची रीत फारशी वेगळी नाही. आपल्याकडे आत्या नाव ठेवते, त्यांच्याकडे फोई ठेवते आणि घरातली पोरे कापडाची झोळी चार टोकांना धरून बाळाला झुलवतात. सणाचा पाळणा आणि रोजची अंगाई हा भेद त्यांच्यातही आहे. जैन घरांत पर्युषणात महावीरांचे पारणुं सजते आणि त्रिशलामाता महावीराला झुलवते असे हालरडुं गायले जाते. त्याचे कर्ते दीपविजय; याच कवीने बडोदे नगरीचे वर्णन करणारी 'गझल' लिहिली. म्हणजे बडोद्याचे वर्णन करणारा कवी आणि पाळण्याचा कवी एकच.

आणि मग झवेरचंद मेघाणी येतात. सौराष्ट्रातल्या गावोगाव हिंडून लोकगीते जमवणाऱ्या या माणसाने 'शिवाजीनुं हालरडुं' लिहिले. १९३० साली निघालेल्या 'सिंधुडो' या त्यांच्या संग्रहात ते आहे. तो संग्रह इंग्रज सरकारने जप्त केला आणि त्याच साली मेघाणींना तुरुंगवास झाला. मराठी वाचकाने हे हालरडुं मुद्दाम ऐकावे. आपले शिवाजीमहाराजांचे पाळणे बारशाच्या चौकटीत राहतात : शिवनेरी, जन्म, सोहळा, दिवसांची मोजणी. मेघाणींची जिजाबाई मात्र रात्री एकटी झुलवते आहे. आजचे सुख भोगून घे, उद्या ते मिळायचे नाही, असे ती कडव्यामागून कडव्यात सांगते; प्रत्येक लाडाच्या वस्तूसमोर उद्याच्या रणातली एक वस्तू उभी राहते. आणि बाळ झोपत नाही. आईच्या तोंडून रामलक्ष्मणाची गोष्ट ऐकली त्या दिवसापासून त्याची झोप उडाली आहे.

दोन श्रोत्यांचा जो नियम मघाशी सांगितला, तो मेघाणींनी इथे जाणूनबुजून मोडला आहे. या हालरड्यात पाळण्यातल्या श्रोत्याला शब्द कळतात. म्हणूनच तो झोपत नाही. अंगाई फसते आणि त्या फसण्यातच तिचे यश असते. ज्यांना जागे करायचे होते ते १९३० सालचे गुजराती लोक; त्यांना कवीने पाळण्यात बसवले. सुरत शहराने १६६४ आणि १६७० साली शिवाजीमहाराजांची स्वारी सोसली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या गाण्याचे मोल आणखी कळते. इतिहासातली ती आठवण बाजूला ठेवून गुजराती आई जिजाबाईच्या तोंडून बोलायला तयार झाली, ती प्रचारामुळे नव्हे. पाळण्याची दोरी दोघींच्या हातात सारखीच आहे, म्हणून.

आता मनात प्रश्न असा येतो, की दांडिया बाजारातल्या मराठी घरात हे हालरडुं गायले गेले तर ते मराठीचे नुकसान की लाभ? मी लाभ म्हणेन. गुजरातीतून आलेली जिजाबाई परकी नसते. उलट बारशाच्या पाळण्यात जे नव्हते, ते उद्याचे भय आणि आजची माया यांचे द्वंद्व तिने आपल्याला शेजारच्या घरातून आणून दिले.

आपल्याकडे असे द्वंद्व पूर्वी आले नव्हते असे नाही. कवी दत्त, म्हणजे दत्तात्रय कोंडो घाटे (१८७५–१८९९), यांनी आपल्या प्रसिद्ध अंगाईत दारिद्र्यातली आई उभी केली. पडके घर, फाटके पांघरूण आणि त्यातून मुलाला दिलेला धीर. पिढ्यान्‌पिढ्या ही कविता पाठ झाली, पण ती वाचताना एक गोष्ट निसटते. तिथेही शब्द मुलासाठी नाहीत. मुलाला गरिबी कळत नाही. ती कळते आईला, आणि वाचणाऱ्या सुस्थितीतल्या माणसाला. दत्तांनी ओवीची युक्ती नेमकी उचलली आणि छापील कवितेत आणली. तिथून एक नवे वळण मात्र सुरू झाले : अंगाई आता ज्ञात कवीची झाली, पुढे रेडिओची झाली, सिनेमाची झाली. १९७७ सालच्या मराठी चित्रपटाचे नावच 'बाळा गाऊ कशी अंगाई' असे होते. नाव म्हणून ते करुण आहे; आपल्या काळाबद्दलचे विधान म्हणून ते आणखी करुण आहे. कशी गाऊ, हा प्रश्न पुढे घरोघर खरा ठरला. गोड गळ्याच्या गायिकेने गायलेली अंगाई कॅसेटवर आली आणि बेसूर गळ्याच्या आईला आपल्या गाण्याची लाज वाटू लागली. आता तर मोबाईल उशाशी ठेवला की तासभर न थांबता अंगाई चालते, जगातल्या हव्या त्या भाषेत.

या यंत्राच्या अंगाईत काय कमी आहे? सूर कमी नाही, शब्दही शुद्ध आहेत. कित्येकदा घरातल्यापेक्षा शुद्ध. कमी आहे तो दुसरा श्रोता, आणि कमी आहे ती बोलणारी बाई. यंत्र आजच्या दिवसाबद्दल काही म्हणत नाही. आज कोण कुणाला बोलले, कुणाचे पत्र आले नाही, मामा दिवाळीला येणार की नाही, हे त्याला ठाऊक नसते. मूल झोपते, हे खरे. पण ओसरीवर बसलेल्या कुणालाही मान वर करून ऐकावेसे वाटत नाही. अंगाईतून घर स्वतःशी बोलत होते, ते बोलणे थांबले.

म्हणून सीमाभागातल्या आणि परप्रांतातल्या मराठी घरांविषयी काळजी करायची, तर ती योग्य ठिकाणी करावी. गुजराती सून हालरडुं म्हणते, कानडी सून जोगुळ म्हणते, याने मराठी मरत नाही. नवजात मुलाला शब्द कळत नसले, तरी सतत कानांवर पडणाऱ्या भाषेची लय ते ओळखते, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवून दिले आहे. ज्या घरात आजी ओवीच्या लयीत आणि आई हालरड्याच्या लयीत थोपटते, त्या घरातल्या मुलाला दोन लयी मिळतात. त्यातली एक दुसरीला हाकलून देत नाही. मराठीला धक्का बसतो तो आजी गप्प बसते तेव्हा. सुनेची भाषा वेगळी, माझी ओवी तिला कळायची नाही, नातवंडे इंग्रजी शाळेत जाणार, मग कशाला, असे म्हणून ती दोरी सोडते. धक्का तिच्या मौनाचा आहे, सुनेच्या गाण्याचा नव्हे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. अंगाईत जर बायकांचे दुःख, टोमणे, माहेरची ओढ होती, तर आज ते सगळे सांगायला फोन आहे, मैत्रिणी आहेत, नोकरी आहे. बाई पाळण्याआडून बोलायची ती नाइलाजाने. तो नाइलाज गेला हे चांगलेच झाले, त्याची हुरहूर कशाला? खरे आहे. सासुरवासाची किंमत देऊन ओवी वाचवावी असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण नाइलाज गेला म्हणून बोलण्याची ती रीतही टाकायची का, हा वेगळा प्रश्न आहे. ज्याला काही कळत नाही त्याच्यापाशी मन मोकळे करणे, आणि ते घरातल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात करणे, यात एक सभ्यता होती. भांडणाची धार कमी करणारी आणि तरी सत्य न लपवणारी. फोनवर माहेरी सांगितलेले गाऱ्हाणे सासरच्या कानांवर येत नाही. आलेच तर भांडण होऊन येते. आणि आता जी अंगाई गायची, ती बाईनेच गायची असेही कुठे लिहिले आहे? बाप थोपटू लागला, तर त्याच्या ओवीत मामाच्या जागी कोण येईल हे पाहण्यासारखे असेल.

समीक्षेपुरते सांगायचे तर अंगाईचे वेगळे शास्त्र रचायची गरज नाही. कुठलीही अंगाई हाती आली की तीन गोष्टी विचाराव्यात : गाणारी कोण, पाळण्याबाहेरचा श्रोता कोण, आणि गाण्यात नाव कुणाचे येते. एवढ्यावर मदालसा, झुलू आई, मेघाणींची जिजाबाई, दत्तांची दरिद्री माता आणि दांडिया बाजारातली अनामिक सासुरवाशीण एका पंक्तीला बसतात. भाषा कोणती, हा चौथा प्रश्न. तो विचारावा, पण चौथा म्हणून विचारावा.

आणि मंडळांपुरते सांगायचे तर पाळण्यांच्या स्पर्धा पुष्कळ झाल्या. यंदा एक काम हाती घ्यावे. आपल्या गावातल्या सत्तरीपुढच्या बायकांकडे, मग त्या मराठी असोत वा मराठी घरात आलेल्या दुसऱ्या भाषेच्या, वही घेऊन जावे आणि त्या रात्री काय म्हणत होत्या ते उतरून घ्यावे. शुद्धलेखन सुधारू नये, गुजराती किंवा कानडी शब्द आला तर तो काढून मराठी घालू नये, सुनावलेले टोमणे गाळू नयेत. पहिल्यांदा सगळ्याजणी 'आम्हांला काही येत नाही' असे म्हणतील. त्यांच्या मांडीवर एखादे पेंगुळलेले मूल द्यावे आणि थोडा वेळ गप्प बसावे.